चेनसॉ घेताय, दुरुस्त करताय की विकताय? आधी पट्टीवरचे आकडे वाचा!

आपण इथे बहुतेक वेळा फोन, ॲप आणि चार्जरबद्दल बोलतो. आजचं यंत्र वेगळं आहे, पण प्रश्न ओळखीचे आहेत. बॉक्सवर एक आकडा आणि आत दुसराच, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीवाला म्हणतो "नवीनच घ्या", आणि विकायला काढलं की निम्मी किंमतही येत नाही. हे यंत्र म्हणजे चेनसॉ, आपल्याकडच्या भाषेत झाड कापायचं मशीन.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्यात, पण शेती चोपड्याकडे. जळगाव-धुळ्यात हे मशीन आता गावोगावी दिसतं. बांधावरची बाभूळ, लिंबाच्या बागेतली वाळलेली झाडं, घरामागचा मोठा झालेला निंब, सगळीकडे तेच चालतं. मे-जूनच्या ज्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळात रस्त्यावर झाडंही पडतात. मग मशीनवाल्याला दिवसभर फोन सुरू असतात. नेमकं त्याच दिवशी मशीन सुरू झालं नाही, तर आठवड्याची कमाई बुडते.

गावाकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असतो, "कोणतं मशीन घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्याची चेन, प्लग आणि कार्बोरेटर तुमच्या तालुक्यात मिळतो, ते घ्या. हे का, ते क्रमाने बघू.

## चेनसॉ चालतं कसं?

आत एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन असतं, फवारणीच्या पेट्रोल पंपात किंवा ब्रश कटरमध्ये असतं तसंच. त्याला वेगळं ऑइल भरायची सोय नसते, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. इंजिनचा वेग वाढला की क्लच पकडतो, दातेरी चाक फिरतं आणि लोखंडी पट्टीभोवती, म्हणजे 'बार'भोवती, चेन धावते.

जर्मनीत आंद्रेयास श्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत आणली. आजच्या चेनचा आकडीसारखा दात मात्र अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांचा. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून त्यांना तो सुचला आणि १९४७ मध्ये त्यांनी त्या चेनची कंपनी काढली. तीच पुढे 'ओरेगॉन' झाली. दाताची मूळ कल्पना अजून तीच आहे.

## बॉक्सवरचा आकडा आणि खरा आकडा

ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसणारं मशीन म्हणजे '५८ सीसी, २२ इंच'. वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकलं जाणारं हे जवळपास एकच चिनी डिझाइन आहे. नावाजलेल्या कंपनीचं मशीन त्याच्या तिप्पट-चौपट किमतीला जातं, म्हणून लोक याच्याकडे वळतात. त्यात वाईट काही नाही, पण ५८ सीसी खरंच ५८ आहे का, हे तपासता येतं.

सूत्र शाळेतलंच आहे, सिलिंडरचं घनफळ. पिस्टनचा व्यास ४५.२ मिमी आणि स्ट्रोक ३४ मिमी असेल, तर ०.७८५ × ४५.२ × ४५.२ × ३४ = सुमारे ५४,५०० घन मिमी, म्हणजे साधारण ५४.५ सीसी. याच व्यासात ५८ सीसी हवे असतील, तर स्ट्रोक ३६ मिमीच्या वर लागेल. विक्रेत्याला बोअर आणि स्ट्रोक विचारा. उत्तर आलं नाही, तर त्यातूनही काय ते कळतं.

बॅटरीवरच्या छोट्या ४ आणि ६ इंची करवतींमध्ये हा खेळ आणखी मोठा आहे. बॅटरीवर '४८ व्ही', '८८ व्ही' असं काहीही छापलेलं असतं. आत बहुतेक वेळा ५ लिथियम सेल असतात. एका सेलचे ३.७ व्होल्ट, म्हणजे एकूण १८.५ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर २१. क्षमता २,००० एमएएच असेल, तर ऊर्जा २ × १८.५ = ३७ वॅट-तास. मोटर कापताना ५०० वॅट खात असेल, तर सलग चार-पाच मिनिटं मिळणार. डाळिंबाच्या छाटणीला पुरेल, बाभळीच्या बुंध्याला नाही. फोनच्या पॉवर बँकेचा हिशोब ज्याला जमतो, त्याला हाही जमेल.

## पट्टीवरचे चार आकडे

दुकानात जाऊन "२० इंची चेन द्या" म्हणालात, तर चुकीची चेन हातात पडण्याची शक्यता मोठी. २० इंची पट्टीवर ७२, ७६ किंवा ७८ कड्यांची चेन असू शकते. म्हणून हे चार आकडे लागतात. ते बहुधा बारवर इंजिनच्या बाजूला कोरलेले असतात.

- पिच: चेनचे कोणतेही सलग तीन रिव्हेट घ्या, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दोनने भागा. आपल्याकडे मुख्यतः ०.३२५ इंच आणि ३/८ इंच चालतात. ३/८ मध्येही 'लो प्रोफाइल' हा हलका प्रकार वेगळा येतो.
- गेज: पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी. १.३, १.५ किंवा १.६ मिमी. पातळ कडी रुंद खाचेत बसते, पण डगडगते आणि चेन उतरते.
- ड्राइव्ह लिंक: खाचेत जाणाऱ्या कड्यांची संख्या. खडूने एका कडीवर खूण करा आणि मोजा.
- लांबी: लाकडात जाणारा पट्टीचा भाग, इंचांत.

५८ सीसीवाल्या चिनी मशीनच्या २० इंची पट्टीवर सहसा ०.३२५ पिच, १.५ मिमी गेज आणि ७६ कड्या असतात. तरी स्वतः मोजून खात्री करा. नंतर त्या पट्टीचा एक स्पष्ट फोटो काढून फोनमध्ये 'फेव्हरिट' करून ठेवा. आमच्या गावातून चोपडा किंवा जळगावला एक चेन आणायला जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. तो या एका फोटोने वाचतो.

## मशीन सुरूच होत नाही

दोरी ओढून खांदा दुखायला लागण्याआधी हा क्रम पाळा.

1. स्विच आणि ब्रेक. हसू नका, स्विच बंदच असतो. पुढचा हँडगार्ड म्हणजे चेन ब्रेक. तो लागलेला असेल, तर इंजिन चालेल, चेन फिरणार नाही.
2. पेट्रोल. दोन महिने डबकीत पडलेलं मिश्रण वापरू नका. ताजं करा.
3. प्लग. काढून बघा. ओला असेल, तर पेट्रोल जास्त झालंय (मेकॅनिकच्या भाषेत 'ओव्हरफ्लो'). कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. काळाकुट्ट असेल, तर ऑइल जास्त किंवा फिल्टर बंद. प्लगमधलं अंतर बऱ्याच मशीनला ०.५ मिमीच्या आसपास लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल.
4. एअर फिल्टर. आपल्याकडच्या धुळीत आणि भुशात तो रोज झटकावा लागतो.

ओव्हरफ्लो झालं असेल, तर प्लग काढा, स्विच बंद ठेवा, चोक पूर्ण उघडा, प्लगचं भोक खाली करून सात-आठ वेळा दोरी ओढा. प्लग पुसून परत बसवा आणि चोक न लावता सुरू करा. हे करताना जवळ बिडी-सिगारेट किंवा चूल नको.

मशीन पाच मिनिटं चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की परत चालतं? मग टाकीचा हवेचा मार्ग (व्हेंट) तुंबलाय. कार्बोरेटर उघडायची गरज नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आणखी एक त्रास होतो. गरम मशीन बंद केलं की पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि ते पुन्हा सुरू होत नाही. सावलीत ठेवून थंड होऊ द्या. पेट्रोलची डबकीही उन्हात ठेवू नका.

## पेट्रोल, ऑइल आणि इथेनॉल

मिश्रणाचं प्रमाण पुस्तिकेत दिलेलंच पाळायचं. एक लिटर पेट्रोलला ऑइल असं:

- १:५० ला २० मिली
- १:४० ला २५ मिली
- १:२५ ला ४० मिली

ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं. बाइकचं फोर-स्ट्रोक ऑइल चालत नाही, आणि सर्व्हिसिंगमधून निघालेलं काळं ऑइल तर मुळीच नाही. ऑइल कमी पडलं की पिस्टन सिलिंडरला घासतो. त्याला 'सीज होणं' म्हणतात आणि मशीनचा सगळ्यात महागडा आजार तोच.

दुसरी गोष्ट इथेनॉल. देशात पेट्रोलमधलं इथेनॉल जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर पोहोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. चेनसॉच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये मात्र १० टक्क्यांची मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. कार्बोरेटरमधला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कडक होतो. पावसाळाभर टाकी भरून ठेवलेलं मशीन दिवाळीला का सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

उपाय सोपा आहे. आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण करा. मशीन महिनाभर ठेवायचं असेल, तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

## चेन कापत नाही, धूर निघतो

लाकडातून काय पडतंय ते बघा. जाड चुरा पडत असेल, तर धार ठीक आहे. पिठासारखी पूड पडत असेल, तर धार गेली. अशा वेळी मशीन दाबून कापलं की चेन, पट्टी आणि इंजिन तिन्ही तापतात.

धार लावायला गोल कानस लागते. ०.३२५ पिचला ४.८ मिमी, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, मोठ्या ३/८ ला साधारण ५.५ मिमी. बहुतेक दातांवर कोनाची रेघ असते, तिच्या समांतर कानस आतून बाहेर ढकला. प्रत्येक दाताला सारखेच हात द्या, नाहीतर मशीन वाकडं कापतं. दातापुढचं छोटं उंचवटं दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवं. धार लावूनही लाकूड धरत नसेल, तर ते उंचवटं तपासा.

चेन नवी असूनही कापत नसेल, तर ती उलटी बसली आहे का बघा. पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार इंजिनपासून दूर, टोकाकडे असायला हवी.

चेनचं ऑइलही विसरू नका. पेट्रोलच्या प्रत्येक टाकीसोबत चेन ऑइलची टाकी भरायची. पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. काम संपल्यावर चेन थोडी सैल करा, कारण थंड झाल्यावर ती आकसते.

## तुमचा फोन इथे टूलबॉक्स आहे

कार्बोरेटरला साधारण तीन स्क्रू असतात. 'एल' कमी वेगासाठी, 'एच' जास्त वेगासाठी, 'टी' किंवा 'एलए' आयडलसाठी. व्हिडिओ बघून 'एच' आवळला की मशीन जोरात ओरडतं आणि ताकद वाढल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पेट्रोल कमी झालेलं असतं, त्यासोबत ऑइलही, आणि पिस्टन सीज होतो.

वेग मोजायला टॅकोमीटर लागतो, पण फोनचा माइकही अंदाज देतो. एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला एकदा पेटतं. म्हणून आवाजाची मूळ वारंवारता × ६० = आरपीएम. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप घ्या, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम उघडा आणि दुसऱ्याला दोन-तीन मीटरवर मशीन चालवू द्या. २०० हर्ट्झला शिखर दिसलं, तर १२,००० आरपीएम. आयडलला ४७ हर्ट्झ, तर साधारण २,८००. एकापेक्षा जास्त शिखरं दिसतील. त्यांच्यातलं समान अंतर हीच मूळ वारंवारता. आलेला आकडा पुस्तिकेतल्या कमाल वेगाशी ताडून बघा. बिनलोड पूर्ण रेस दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका.

आयडलला चेन फिरता कामा नये. डोळ्याला कळत नसेल, तर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. फिरत असेल, तर आयडल कमी करा. तरीही फिरली, तर क्लच दाखवा.

## दुरुस्ती: पार्ट कुठून आणायचा?

छोट्या गावांत चेनसॉचा वेगळा मेकॅनिक नसतो. फवारणी पंप आणि ब्रश कटर दुरुस्त करणाराच हे बघतो. चिनी मशीनचा फायदा इथे आहे, त्याचं कार्बोरेटर, पिस्टन किट आणि स्टार्टर स्वस्त असतात आणि एकमेकांना बऱ्यापैकी बसतात. तोटा असा की दर्जाची खात्री नाही. नावाजलेल्या कंपनीचा पार्ट महाग, पण क्रमांक सांगितला की नेमका तोच मिळतो. सगळ्यात वाईट अवस्था मधल्यांची, ज्यांचं नाव एक हंगाम ऑनलाइन दिसतं आणि पुढच्या वर्षी गायब होतं.

आमच्या काकांनी ऑनलाइन घेतलेलं असंच एक मशीन दीड महिन्यात बंद पडलं. बिलावरच्या विक्रेत्याचा फोन लागेना. अशा वेळी हे माहीत हवं:

- ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याचा पत्ता आणि वस्तू कोणत्या देशातली, हे दाखवणं बंधनकारक आहे. ऑर्डर करतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार तिथून सुरू करा.
- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विक्रेता दिल्लीचा असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर फी नाही.
- केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत मोबाइलसोबत शेती अवजारंही आहेत.

आणि पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ घ्या, त्याच आठवड्यात मशीन चालवून बघा. जूनमध्ये सेलमध्ये घेऊन डिसेंबरमध्ये पहिल्यांदा सुरू केलं, तर परत करायची मुदत कधीच संपलेली असते.

## विकताना आणि सेकंडहँड घेताना

घेणाऱ्यासाठी: मशीन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलं असेल, तर थांबा. बंद मशीन स्टार्टरच्या मुठीला धरून हळूच उचला. दोरी सावकाश, टप्प्याटप्प्याने सुटली तर कॉम्प्रेशन ठीक. सर्रकन सुटली तर पिस्टन किंवा रिंग गेली. जमलं तर सायलेन्सर काढून टॉर्चने पिस्टन बघा. उभ्या ओरखड्यांवर किंमत पाडून मागा, नाहीतर सोडून द्या.

विकणाऱ्यासाठी: फोटोपेक्षा थंड मशीन सुरू होतानाचा न कापलेला व्हिडिओ जास्त काम करतो. पट्टीचे चार आकडे, बिल आणि जुने बदललेले पार्ट दाखवा. गिऱ्हाईक "भो, चेन कुठे मिळेल याची?" हेच पहिल्यांदा विचारतं. त्याचं उत्तर असेल, तर भाव टिकतो.

दोघांसाठी: पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. "मी सैन्यात आहे, आधी पैसे पाठवतो, फक्त कोड स्कॅन करा" असा फोन आला की कट करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३०.

## कागद का हवा?

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार सागवान, खैर, आंबा, मोह, चिंच अशी अनुसूचीतली झाडं स्वतःच्या शेतातली असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जळगाव-धुळे शहरांत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उत्तरेला सातपुडा आहे, तसंच यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं आणि वाहनं जप्त होतात. फिलिपिन्समध्ये तर २००२ पासून नोंदणीशिवाय चेनसॉ बाळगणं हाच गुन्हा आहे.

म्हणून मशीन विकताना किंवा भाड्याने देताना साध्या कागदावर तारीख, सिरीयल नंबर, दोघांची नावं आणि सह्या घ्या आणि फोटो काढून ठेवा. उद्या ते मशीन जंगलात पकडलं गेलं, तर ते कधी आणि कोणाला दिलं हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

## शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं

सात दात्यांचं चाक आणि ०.३२५ पिच असेल, तर १०,००० आरपीएमला चेन ताशी जवळपास ७० किलोमीटरने धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं. याला किकबॅक म्हणतात. रोज सुरू केल्यावर चेन ब्रेक तपासा, खांद्याच्या वर मशीन उचलू नका, झाडावर चढून एका हाताने तर कधीच चालवू नका. हेल्मेट, गॉगल आणि बूट घाला. चपलेवर हे काम करणारे आपल्याकडे रोज दिसतात, त्यांना हा भाग नक्की पाठवा.

तुमच्या तालुक्यात कोणत्या मशीनचे पार्ट सहज मिळतात? मॉडेल आणि पट्टीचे चार आकडे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.